अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतला पैसा : कुणी दिला, कुठून आला आणि कधी कळला, हे घरबसल्या तपासायचं कसं

‘मस्कनं निवडणूक विकत घेतली’, ‘सोरोसनं सगळा पैसा ओतला’, ‘गूगलनं अमुक उमेदवाराला इतके कोटी दिले’. अमेरिकेत निवडणूक आली की अशी वाक्यं न्यू जर्सीपासून नाशिकपर्यंतच्या फॅमिली ग्रुपांत फिरायला लागतात. यातलं बरंचसं फुकटात तपासता येतं, तेही पुण्यात बसून. लॉगिन लागत नाही की शुल्क. भारतात निवडणूक रोख्यांचे आकडे बाहेर यायला 15 फेब्रुवारी 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. अमेरिकेत देणगीदाराचं नाव कायद्यानंच जाहीर होतं. फक्त ते कधी जाहीर होतं आणि किती हातांतून फिरून येतं, सगळी मेख तिथे आहे. म्हणून हा लेख वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा : रकमेच्या रकान्याआधी तारखेचा रकाना बघायचा.

पायरी 1 : पैशाचे रस्ते ओळखा

संकेतस्थळ उघडण्याआधी एवढं माहीत हवं, नाहीतर आकडे बघून फक्त डोळे फिरतात.

कंपन्यांनी उमेदवाराला थेट पैसे देण्यावर अमेरिकेत 1907 पासून बंदी आहे आणि ती आजही लागू आहे. व्यक्ती देऊ शकते, पण मर्यादेत. 2024 च्या निवडणुकीत ही मर्यादा एका उमेदवाराला प्राथमिक फेरीसाठी (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानासाठी) 3,300 डॉलर आणि मुख्य निवडणुकीसाठी आणखी 3,300 डॉलर होती. दर दोन वर्षांनी ती महागाईप्रमाणे वाढते. 2025-26 साठी ती 3,500 आहे.

मग कोट्यवधी डॉलर येतात कुठून? 1976 च्या ‘बकले विरुद्ध वॅलिओ’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं देणगीवरची मर्यादा ठेवली, पण खर्चावरची उडवली. पैसे खर्च करणं हा अभिव्यक्तीचा भाग आहे, असा त्यामागचा तर्क होता. जानेवारी 2010 मध्ये ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात 5 विरुद्ध 4 मतांनी कंपन्या आणि कामगार संघटनांनाही स्वतंत्र प्रचारखर्चाची मोकळीक मिळाली. दोनच महिन्यांनी, ‘स्पीचनाऊ’ खटल्यात, अपील न्यायालयानं सांगितलं की जो गट उमेदवाराला पैसे न देता फक्त स्वतंत्र खर्च करतो, त्यानं कितीही देणगी घ्यावी. पॅक म्हणजे ‘पोलिटिकल अॅक्शन कमिटी’, निवडणुकीसाठी पैसे जमवून खर्च करणारा गट. या निकालांतून अमर्याद देणग्या घेणारे सुपर पॅक जन्माला आले. अट एकच : खर्च उमेदवाराशी संगनमत न करता व्हायला हवा. ही अटही आता पातळ झाली आहे. मार्च 2024 मध्ये निवडणूक आयोगानं एका सल्ला-मतात म्हटलं की घरोघरी जाऊन प्रचार करण्याच्या कामात उमेदवार आणि बाहेरचा गट एकमेकांशी बोलून काम करू शकतात. त्याच वर्षी इलॉन मस्क यांच्या ‘अमेरिका पॅक’नं ट्रम्प यांच्यासाठी दारोदार माणसं पाठवली, ती याच मोकळिकीचा फायदा घेऊन.

म्हणजे रस्ते असे : उमेदवाराची स्वतःची प्रचार समिती, पक्ष, या दोघांसाठी एकत्र पैसे गोळा करणारी संयुक्त समिती, सुपर पॅक, आणि शेवटी ज्यांना देणगीदारांची नावं सांगावी लागत नाहीत अशा ना-नफा संस्था. पुढे जाल तशी मर्यादा सैल होते, आणि शेवटच्या टप्प्यावर नावही जातं.

पायरी 2 : उमेदवाराच्या पानावरून सुरुवात करा

फेडरल इलेक्शन कमिशनच्या, म्हणजे एफईसीच्या संकेतस्थळावर जा. शोधपेटीत उमेदवाराचं नाव टाका. प्रत्येक उमेदवाराला एक क्रमांक असतो. अध्यक्षपदाच्या उमेदवाराचा क्रमांक ‘पी’ अक्षरानं सुरू होतो, समितीचा ‘सी’नं. समितीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. नावं बदलतात, क्रमांक बदलत नाही.

हे किती कामाचं आहे ते 2024 मध्ये दिसलं. 21 जुलैला बायडन यांनी माघार घेतली आणि त्याच दिवशी त्यांच्या समितीनं आयोगाकडे कागद दाखल करून नाव ‘हॅरिस फॉर प्रेसिडेंट’ केलं. पैसा, खातं, क्रमांक तोच. त्यामुळे आज कमला हॅरिस यांच्या नावावर 2023 पासूनच्या देणग्या दिसतात. ‘हॅरिस यांना 2023 मध्येच कोणी कोणी पैसे दिले बघा’ असा फोटो कोणी पाठवला, तर तो खरा असूनही खोटा आहे. ते पैसे लोकांनी बायडन यांना दिले होते.

समितीच्या पानावर दोन तक्ते मुख्य : शेड्यूल ए म्हणजे आलेला पैसा, शेड्यूल बी म्हणजे गेलेला. उमेदवाराच्या समितीला एका निवडणूक-चक्रात 200 डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरी कुठे, हे सगळं शेड्यूल एमध्ये येतं. ‘अॅक्टब्लू’ किंवा ‘विनरेड’ या ऑनलाइन मंचांमधून दिलेली 10 डॉलरची देणगीही मंचाच्या स्वतःच्या अहवालात नावानिशी दिसते, हे अनेक छोट्या देणगीदारांना ठाऊकच नसतं. इथेच बेरजेचा घोळ होतो : एकच देणगी मंचाच्या अहवालातही असते आणि उमेदवाराच्याही. ज्या नोंदीवर ‘मेमो’ची खूण असते ती बेरजेत धरायची नाही. फाइल एक्सेलमध्ये उतरवलीत की आधी तो रकाना गाळा.

संयुक्त समित्यांकडे जरा थांबून बघा. 2024 मध्ये ‘ट्रम्प 47 कमिटी’ला एक श्रीमंत माणूस 8 लाख डॉलरांहून मोठा एकच चेक देऊ शकत होता. तो पुढे ठरलेल्या क्रमानं वाटला जायचा : आधी प्रचार समिती, मग ट्रम्प यांचं ‘सेव्ह अमेरिका’ पॅक, मग राष्ट्रीय पक्ष, मग राज्यांच्या शाखा. ‘सेव्ह अमेरिका’च्या शेड्यूल बीमध्ये वकिलांच्या फर्मची नावं ओळीनं लागतात. प्रचारासाठी दिलेला पैसा कोर्टकचेरीत कसा जातो, हे बघायला यापेक्षा सोपा कागद नाही.

पायरी 3 : सुपर पॅकचे कागद तारखेनं वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. उमेदवाराच्या पानावर, त्याच्या बाजूनं आणि विरोधात बाहेरच्यांनी केलेला खर्च वेगळा दिसतो. तो शेड्यूल ईमधून येतो. तिथून गटाचं नाव घ्या आणि मग त्या गटाचं शेड्यूल ए उघडा. दोन्ही टोकं जुळली की देणगीदार ते जाहिरात हा प्रवास पूर्ण दिसतो.

आता 2024 ची तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं उदाहरण टिमोथी मेलन यांचं. हे मेलन या बँकिंग घराण्याचे अब्जाधीश वारस. 30 मे 2024 ला न्यूयॉर्कच्या ज्युरीनं ट्रम्प यांना दोषी ठरवलं. दुसऱ्याच दिवशी मेलन यांनी ‘मेक अमेरिका ग्रेट अगेन इन्कॉर्पोरेटेड’ या सुपर पॅकला 5 कोटी डॉलर दिले. हे जगाला कळलं 20 जूनला, मासिक अहवाल दाखल झाला तेव्हा. वीस दिवसांत कळलं, म्हणजे यंत्रणा जशी चालायला हवी तशी चालली. निवडणूक संपेपर्यंत मेलन यांनी याच पॅकला एकूण 15 कोटी दिले होते. त्यांनीच अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांच्या बाजूच्या सुपर पॅकलाही अडीच कोटी दिले होते. एकाच देणगीदाराचं नाव दोन तंबूंत सापडलं तर दचकू नका, असं होतं.

दुसरं प्राथमिक फेरीचं. ज्या वर्षी मतदान नसतं त्या वर्षी सुपर पॅकला सहामाही अहवाल देण्याची मुभा असते : 31 जुलै आणि पुढच्या वर्षीची 31 जानेवारी. 2023 च्या उत्तरार्धात रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या रॉन डीसँटिस, निकी हेली आणि इतरांच्या सुपर पॅकना ज्यांनी पैसे दिले, त्यांची नावं अनेक बाबतींत 31 जानेवारी 2024 ला बाहेर आली. आयोवात मतदान झालं 15 जानेवारीला, न्यू हॅम्पशायरमध्ये 23 ला. डीसँटिस तर 21 जानेवारीलाच मैदान सोडून गेले होते. मतदारानं बटण दाबलं आणि मग त्याला सांगण्यात आलं की जाहिरातींचे पैसे कुणाचे होते. यात एकही नियम मोडलेला नाही.

तिसरं सर्वांत शिकवणारं. निवडणूक 5 नोव्हेंबरला होती. त्याआधीचा शेवटचा अहवाल 24 ऑक्टोबरला द्यायचा होता, पण त्यात हिशेब फक्त 16 ऑक्टोबरपर्यंतचा. 17 ऑक्टोबरपासून सुपर पॅकला आलेल्या पैशाची नावं सांगायची तारीख थेट 5 डिसेंबर. या पोकळीत ‘आरबीजी पॅक’ नावाचा गट उगवला. दिवंगत न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या नावाची आद्याक्षरं घेऊन त्यानं जाहिराती केल्या. गर्भपाताच्या प्रश्नावर ट्रम्प यांची धास्ती बाळगणाऱ्या स्त्रियांना धीर देणं, हा त्यांचा सूर होता. गिन्सबर्ग यांच्या नातीनं याला जाहीर आक्षेप घेतला. पैसे कुणाचे, हे तेव्हा कागदावर नव्हतंच. 5 डिसेंबरला कळलं : 2 कोटी 5 लाख डॉलर, सगळे मस्क यांच्या ट्रस्टचे. त्या वेळपर्यंत निकाल लागून महिना झाला होता.

इथला बारकावा नीट बघा. शेवटच्या वीस दिवसांत उमेदवाराच्या समितीला 1,000 डॉलर किंवा अधिकची देणगी 48 तासांत कळवावी लागते. सुपर पॅकला खर्च 24 तासांत कळवावा लागतो, देणगी नाही. म्हणजे 1,000 डॉलर देणारा दंतवैद्य दोन दिवसांत उघड, आणि दोन कोटींचा चेक सहा आठवडे झाकलेला. माझ्या मते अमेरिकेच्या निवडणूक कायद्यातलं हे सगळ्यात लाजिरवाणं भोक आहे, आणि ते बुजवायला राज्यघटना बदलावी लागत नाही, एक साधा कायदा पुरतो.

प्रत्यक्षात करायचं काय? ऑक्टोबरच्या मध्यानंतर नव्यानं नोंदलेल्या समित्यांची यादी तारखेनं लावा. त्यातून शेड्यूल ईमध्ये ज्यांचा खर्च दिसतो पण शेड्यूल ए रिकामं आहे, त्या बाजूला काढा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत उघडा.

पायरी 4 : ‘अमुक कंपनीनं दिले’ हे वाक्य दिसलं की थांबा

ओपनसीक्रेट्स ही संस्था 1983 पासून हा डेटा साफ करून उद्योगवार लावते. वापरायला एफईसीपेक्षा कितीतरी सोपी. पण तिथे ‘अल्फाबेट’ (गूगलची मालक कंपनी) किंवा ‘मायक्रोसॉफ्ट’समोर दिसणारा उमेदवाराचा आकडा बहुतांशी तिथल्या कर्मचाऱ्यांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी वैयक्तिक दिलेल्या देणग्यांची बेरीज असतो. कंपनीच्या तिजोरीतून उमेदवाराला एक डॉलरही जाऊ शकत नाही. बेलव्ह्यूच्या इंजिनिअरनं स्वतःच्या मतानं दिलेले 250 डॉलर ‘मायक्रोसॉफ्टनं दिले’ होतात, आणि मग त्यावर संपादकीय लिहिली जातात.

कंपनीचा खरा हात दोन ठिकाणी बघा. एक, कर्मचाऱ्यांच्या वर्गणीतून चालणारं तिचं अधिकृत पॅक. दोन, सुपर पॅकला तिजोरीतून थेट दिलेला पैसा. 2024 मध्ये दुसऱ्या प्रकारात क्रिप्टो उद्योग उठून दिसला : ‘फेअरशेक’ या सुपर पॅकला कॉइनबेस आणि रिपल या कंपन्यांनी कोट्यवधी दिले. गंमत म्हणजे फेअरशेकनं अध्यक्षीय लढतीत कुणाचीच बाजू घेतली नाही, सगळा जोर संसदेच्या जागांवर लावला. पण 2021 मध्ये बिटकॉइनला फसवणूक म्हणणारे ट्रम्प जुलै 2024 मध्ये नॅशव्हिलच्या बिटकॉइन परिषदेत भाषण करत होते. पैशाचा दबाव पोचायला त्याच उमेदवाराच्या खात्यात पैसे पडावे लागत नाहीत.

पायरी 5 : नाव नसलेल्या पैशाचा माग

काही ना-नफा संस्था ‘समाजकल्याणा’साठी नोंदलेल्या असतात. त्यांना थोडंफार राजकारण चालतं आणि देणगीदार जाहीर करावे लागत नाहीत. त्यांनी सुपर पॅकला पैसे दिले की शेड्यूल एमध्ये देणगीदार म्हणून संस्थेचं नाव येतं आणि माग तिथे संपतो. हॅरिस यांच्या बाजूच्या ‘फ्युचर फॉरवर्ड’ या सर्वांत मोठ्या सुपर पॅकला त्याच्याच भगिनी संस्थेकडून, ‘फ्युचर फॉरवर्ड यूएसए अॅक्शन’कडून, मोठा पैसा आला. बिल गेट्स यांनी या संस्थेला सुमारे 5 कोटी डॉलर दिल्याची बातमी ऑक्टोबर 2024 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं दिली. एफईसीच्या कोणत्याही कागदात ही देणगी त्यांच्या नावावर तुम्हाला सापडणार नाही. पैसेवाल्यांचा प्रश्न एकाच पक्षाचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

तरी एक वाट उरते. या संस्थांना आयकर खात्याकडे दरवर्षी फॉर्म 990 भरावा लागतो. प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेच्या ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’वर तो मिळतो. त्यात देणाऱ्यांची नावं झाकलेली असतात, पण संस्थेनं पुढे कुणाला अनुदान दिलं ती यादी उघडी असते. म्हणून उलट्या दिशेनं जा : ‘या संस्थेला कुणी दिलं’ असं न विचारता ‘कुठल्या संस्थांच्या फॉर्ममध्ये हिला दिल्याची नोंद आहे’ ते शोधा. मुदतवाढ धरून निवडणुकीच्या वर्षाचा फॉर्म बहुधा पुढच्या नोव्हेंबरात येतो. धीर हवा.

पायरी 6 : पैशानं मिळालं काय ते बघा

सुपर पॅकचा एक डॉलर आणि उमेदवाराचा एक डॉलर सारखे नसतात. मुख्य निवडणुकीआधीचे 60 दिवस आणि प्राथमिक फेरीआधीचे 45 दिवस टीव्ही वाहिन्यांना उमेदवाराला सर्वांत कमी दरानं जाहिरात द्यावी लागते. सुपर पॅकला ही सवलत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या स्थानिक बातम्यांमध्ये त्याच अर्ध्या मिनिटासाठी ते कितीतरी पट जास्त मोजतात. म्हणून ‘दोन्ही बाजूंचा एकूण खर्च’ अशी बेरीज करून तुलना करणं फसवं आहे. ताडून बघायचं असेल तर एफसीसी या दळणवळण आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक वाहिनीची राजकीय जाहिरातींची फाइल असते : कुणी, कुठला कार्यक्रम, काय दर. स्कॅन केलेले कागद, वाकडे-तिकडे, पण अस्सल.

आणि पैसा जिंकवतो का? डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणारे अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी 2020 मध्ये स्वतःचे 100 कोटींहून अधिक डॉलर घातले. 3 मार्चच्या ‘सुपर ट्युजडे’ला, म्हणजे अनेक राज्यांत एकाच दिवशी प्राथमिक मतदान होतं तेव्हा, त्यांनी जिंकला तो फक्त अमेरिकन समोआ हा बेटांचा प्रदेश, आणि दुसऱ्या दिवशी घरी गेले. 2016 च्या लढतीत रिपब्लिकन जेब बुश यांच्या सुपर पॅकनं 10 कोटींहून जास्त जमवले होते, साउथ कॅरोलिनाच्या प्राथमिक फेरीनंतर खेळ संपला. 2024 मध्ये हॅरिस यांच्या समितीकडे 100 कोटींच्या वर आले, ट्रम्प यांच्या समितीकडे त्याच्या निम्म्याहून कमी. तेव्हा ‘विकत घेतली’ हे वाक्य टाकून द्या. पैसा निकालापेक्षा उमेदवारांच्या यादीवर आणि निकालानंतरच्या दारांवर जास्त काम करतो.

पायरी 7 : निकालानंतरही खिडकी बंद करू नका

शपथविधीच्या समारंभासाठी वेगळी समिती असते. तिला देणगीची कमाल मर्यादा नाही आणि कंपन्याही थेट देऊ शकतात. देणगीदारांची यादी शपथविधीनंतर 90 दिवसांत एफईसीला द्यावी लागते. 2017 मध्ये ट्रम्प यांच्या समितीनं सुमारे 10.7 कोटी जमवले, 2025 मध्ये सुमारे 23.9 कोटी. सर्वांत मोठी देणगी, 50 लाख डॉलर, पिलग्रिम्स प्राइड या कोंबडीचं मांस विकणाऱ्या कंपनीची होती. तिची बहुसंख्य मालकी ब्राझीलच्या जेबीएसकडे आहे, आणि जेबीएसचे शेअर जून 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात आले. आता सावध राहा : जेबीएस त्यासाठी त्याआधी कित्येक वर्षं खटपट करत होती. दोन तारखा शेजारी आल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. तुमच्या नोंदीत दोन्ही लिहा, बाण काढू नका.

यापुढे सिनेटच्या लॉबिंग नोंदणीत जा. लॉबिस्ट म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यासाठी सरकारदरबारी आणि खासदारांकडे वजन वापरणारे. 1995 च्या कायद्यानं लॉबिस्टना दर तिमाहीला कुणासाठी, कुठल्या विधेयकावर आणि किती पैशांत काम केलं ते सांगावं लागतं. परदेशी सरकारांसाठी काम करणाऱ्यांची वेगळी नोंद न्याय खात्याकडे असते. देणगीदारांच्या यादीतली नावं इथे टाकून बघा. आणि जे घडलं त्याइतकंच जे घडलं नाही ते बघा. गुंतवणूक व्यवस्थापकांची ‘कॅरीड इंटरेस्ट’ ही करसवलत बंद करू असं ट्रम्प यांनी 2016 मध्ये सांगितलं होतं. 2017 च्या कर कायद्यात तिच्यासाठी गुंतवणूक बाळगण्याचा कालावधी फक्त तीन वर्षांचा झाला, सवलत शाबूत राहिली. 2022 मध्ये डेमोक्रॅट्सनी हात लावायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्याच बाजूच्या सिनेटर कर्स्टन सिनेमा यांनी ते कलम काढायला लावलं.

तिकडे राहणाऱ्यांसाठी

एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर अमेरिकेतल्या कोणत्याही निवडणुकीत देणगी देऊ नका, अगदी पाच डॉलरचीही. ग्रीन कार्ड असेल तर मत देता येत नाही, पण देणगी देता येते. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम व्हिसावरही चालतं. दुसऱ्याच्या नावानं पैसे देणं हा गुन्हा आहे. मुंबईत जन्मलेले, मूळ गोव्याच्या घराण्यातले दिनेश डिसूझा यांनी 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या एका सिनेट उमेदवाराला दुसऱ्यांच्या नावानं 20,000 डॉलर दिले. 2014 मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, पाच वर्षांची प्रोबेशन झाली आणि 2018 मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली. शेवटची ती सोय सगळ्यांना मिळत नाही.

एफईसीत फक्त संघराज्याच्या निवडणुका असतात. बेळगावचे श्री ठाणेदार यांनी 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःचे पैसे घातले तो हिशेब मिशिगन राज्याकडे सापडतो, 2022 च्या संसद निवडणुकीचा एफईसीकडे. आणि एफईसीतून उतरवलेली देणगीदारांची यादी वर्गणी मागायला किंवा धंद्यासाठी वापरायला कायद्यानं मनाई आहे. मंडळाच्या गणपतीसाठीसुद्धा नाही.

आयोगाकडे तक्रार करता येते, पण फार आशा ठेवू नका. सहा सदस्य, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत, आणि कारवाईला चार मतं लागतात. त्यामुळे कोंडी ठरलेली. 30 एप्रिल 2025 नंतर तर आयोगात चार सदस्यही उरले नव्हते. अहवाल मात्र तेव्हाही येत राहिले आणि संकेतस्थळ चालू राहिलं.

पुढच्या खेपेसाठी फोनच्या कॅलेंडरमध्ये एवढ्या तारखा टाका. 31 जुलै 2027 आणि 31 जानेवारी 2028 : सुपर पॅकचे सहामाही अहवाल. 2028 मध्ये फेब्रुवारी ते ऑक्टोबर दर महिन्याची 20 तारीख : मासिक अहवाल. 18 ऑक्टोबर 2028 : या दिवसानंतर सुपर पॅकला आलेला पैसा मतदानाआधी दिसणार नाही. 26 ऑक्टोबर : मतदानाआधीचा शेवटचा अहवाल. 7 नोव्हेंबर : मतदान. आणि 7 डिसेंबर : त्या दिवशी शेड्यूल ए नक्की उघडा.